देवाचा वाटा : दशमांश दानाचे पारमार्थिक आणि ऐहिक फल

॥ श्री गणेशाय नमः ॥

तीर्थक्षेत्री येणारा भाविक सहसा रिकाम्या हाताने येत नाही. कोणी फुलांची परडी आणतो, कोणी नारळ, तर कोणी शेतातील नव्या धान्याची पुरचुंडी. दर्शन घेऊन परतताना बहुतेकांचे हात दानपेटीकडे वळतात, आणि नेमक्या त्याच क्षणी मनात काही प्रश्न उभे राहतात. किती द्यावे? दिलेले देवाला पोहोचते काय? ज्याची परिस्थिती बेताची आहे त्याने काय करावे? शेजारचा भाविक नोटांची गड्डी टाकीत असता आपले दहा रुपये टाकण्यात अर्थ तो काय? या प्रश्नांची उत्तरे शास्त्रकारांनी आणि संतांनी पूर्वीच देऊन ठेवली आहेत. भाविकांच्या उपयोगासाठी त्यांचा विचार येथे संक्षेपाने मांडला आहे.

खळ्यावरील रास

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी एक जुनी रीत होती. मळणी होऊन, वारा देऊन धान्याची रास खळ्यावर उभी राहिली की प्रथम राशीची पूजा होई. नंतर देवाचा वाटा निघे, बलुतेदारांचे वाटे निघत, दारी येणाऱ्या गोसाव्या-भिक्षेकऱ्यांसाठी सुपे भरली जात आणि मगच उरलेले धान्य पोत्यांत भरून घरी नेले जाई. घरात गेलेल्या धान्यातून वाटा काढणे आणि घरात जाण्यापूर्वी वाटा काढणे यांत मोठा फरक आहे, हे त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक होते. एकदा कणगीत गेले की ते ‘माझे’ होते, आणि ‘माझे’ झालेल्यातून देताना हात जड होतो.

या रीतीचे मूळ फार प्राचीन आहे. पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शेतकऱ्याच्या धर्माचा विचार आलेला आहे. नांगर चालवताना जमीन फाटते, झाडे तोडावी लागतात, असंख्य कृमिकीटक मरतात. शेती ही अवघ्या जगाला पोसणारी असली तरी ती हिंसेवाचून होत नाही, हे स्मृतिकार स्पष्टपणे मान्य करतात. त्यावरचा उपाय म्हणून ते शेत सोडून वनात जाण्यास सांगत नाहीत. खळ्यावरच करावयाचा एक यज्ञ सांगतात. त्याला ‘खलयज्ञ’ असे नाव आहे. उत्पन्नाचा सहावा भाग राजाला, एकविसावा देवांना आणि तिसावा ब्राह्मणांना द्यावा, असे प्रमाणही तेथे घालून दिलेले आहे. समोर रास असताना मागणाऱ्याला जो विन्मुख पाठवतो, त्याची गणना स्मृतिकारांनी चोरांत केली आहे.

हा शब्द कठोर वाटतो. स्वतःच्या घामाचे धान्य न देणारा चोर कसा, असे कोणीही विचारील. परंतु राशीकडे नीट पाहिले की उत्तर मिळते. त्या राशीत पावसाचा वाटा आहे, सूर्याचा आहे, वर्षभर मान वाकवून चाललेल्या बैलाचा आहे, कोळपणी-खुरपणी करणाऱ्या मजुरांचा आहे, मुकाट्याने मेलेल्या किड्यामुंगीचाही आहे. इतक्यांच्या देण्यावर उभी राहिलेली रास जो सगळीच्या सगळी आपली म्हणतो, तो दुसऱ्यांचे वाटे दडपतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही भगवंतांनी हाच न्याय सांगितला आहे; देवांनी दिलेले देवांना न अर्पिता जो एकटाच उपभोगतो, त्याला त्यांनीही चोरच म्हटले आहे.

आज प्रत्येकाच्या घरी शेत नाही. कोणाचे उत्पन्न पगाराचे, कोणाचे दुकानाचे, कोणाचे निवृत्तिवेतनाचे असते. तथापि खळ्याचा न्याय सर्वांना सारखाच लागू पडतो. पगाराच्या पाठीशी शिकविणारे गुरुजी असतात, पोटाला चिमटा घेऊन फी भरणारे आईवडील असतात, पहाटे रस्ता झाडणारा सफाई कामगार असतो. दुकानाच्या गल्ल्यात हमालाच्या पाठीचा वाटा असतो. केवळ स्वतःच्या कर्तृत्वावर मिळविले असे धन जगात कोणाजवळही नाही.

दशमांश म्हणजे काय?

हा वाटा किती असावा? स्कंदपुराणात याचे सरळ प्रमाण दिले आहे. सुज्ञ मनुष्याने न्यायाने मिळविलेल्या धनाचा दहावा भाग ईश्वराच्या संतोषासाठी वेचावा, असा तेथील आशय आहे. यालाच ‘दशमांश’ म्हणतात. यातील ‘दहावा’ हा शब्द सर्वांच्या लक्षात राहतो. ‘न्यायाने मिळविलेल्या’ हा शब्द मात्र पुष्कळदा सुटून जातो. वास्तविक सगळा भार त्याच शब्दावर आहे. त्याचा विचार पुढे येईल.

श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात धनाचे पाच भाग सांगितले आहेत : एक धर्मासाठी, एक यशासाठी, एक धनवृद्धीसाठी, एक स्वतःच्या सुखासाठी आणि एक स्वजनांसाठी. हा उपदेश शुक्राचार्यांनी बळीराजाला केला, तो वामन तीन पावले भूमी मागत असताना. ज्या दानाने स्वतःची उपजीविकाच बुडेल असे दान प्रशस्त नव्हे, असे आचार्यांनी त्याला बजावले. बळीने ते ऐकले नाही आणि सर्वस्व दिले. भगवंत त्याचे द्वारपाल झाले. तथापि बळीसारखा एखादाच. मुलाबाळांच्या गृहस्थासाठी विभागणीचाच मार्ग योग्य होय.

दहाव्या भागाची ही कल्पना अन्य धर्मांतही आढळते. शीख बांधवांत तिला ‘दसवंध’ म्हणतात. नांदेडच्या गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत जो जेवला असेल, त्याने अशाच वाट्यातून चालणाऱ्या सेवेचा घास घेतला आहे. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतही दशमांशाचा उल्लेख आहे. दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचावी, यावरून ती मनुष्याच्या अंतःकरणाला किती आवश्यक आहे हे कळते.

दहाव्या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तो श्रीमंताला आणि गरिबाला एकाच पंक्तीत बसवतो. महिना बारा हजार मिळविणाऱ्याचे बाराशे आणि बारा लाख मिळविणाऱ्याचे एक लाख वीस हजार हे देवाघरच्या तराजूत सारखेच भरतात. किंबहुना बाराशे रुपये देणाऱ्याच्या घरी त्या महिन्यात एखादी वस्तू कमी येते, म्हणून त्याचे पारडे जडही असू शकेल. दानपेटीपुढे दहा रुपये घेऊन संकोचाने उभ्या राहणाऱ्या भाविकाने हे मनात ठेवावे.

नैवेद्य आणि प्रसाद : पारमार्थिक फल

दशमांश दिल्याने काय मिळते, याचे उत्तर प्रत्येक मराठी घरात रोज दुपारी दिले जाते. स्वयंपाक झाला की एक पान वाढून देवापुढे ठेवतात. त्याभोवती पाणी फिरवतात, तुळशीपत्र ठेवतात, हात जोडतात. देव त्यातील भाताचे एक शीतही उचलीत नाही. संपूर्ण पान जसेच्या तसे परत येते. मात्र जाताना ते अन्न असते, परत येते तेव्हा प्रसाद असतो. एका पानाच्या अर्पणाने मागे पातेल्यात राहिलेले सगळे अन्न प्रसादरूप होते.

दशमांशाचे नेमके हेच आहे. दहावा भाग अर्पण केल्याने देवाच्या खजिन्यात काही भर पडत नाही. जो लक्ष्मीचा पती, त्याला कोणाच्या नोटांची वाण पडणार? फरक पडतो तो उरलेल्या नऊ भागांना. ते नऊ भाग प्रसाद होतात. त्या पैशाने आणलेले पीठ, भरलेली मुलाची फी, घेतलेले औषध, अंगावरचे लुगडे हे सर्व परमेश्वराच्या पानातून परत आलेले ठरते. जो हे जाणतो त्याच्या घरात अन्न टाकले जात नाही, पैसा उधळला जात नाही आणि कमी मिळाले म्हणून रोज कुरकुर होत नाही. प्रसाद कमी मिळाला म्हणून कोणी भांडत नसते.

हेच या दानाचे पारमार्थिक फल. स्वर्गातील सुखाची हमी म्हणून त्याकडे पाहू नये. ‘हे माझे’ ही गाठ दर महिन्याला थोडी थोडी सैल होत जाते. आयुष्यभर ज्याने दहावा भाग सोडण्याचा सराव केला, त्याला शेवटी दहाही भाग सोडून जाण्याची वेळ येते तेव्हा ते तितकेसे अवघड जात नाही.

सोनेरी मुंगसाची कथा

दानाचे मोल कशाने ठरते, हे महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील एका कथेत फार सुंदर रीतीने सांगितले आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध यज्ञ पूर्ण झाला होता. अन्नाचे डोंगर रिते झाले, दक्षिणेने ब्राह्मण तृप्त झाले, असा यज्ञ झाला नाही असे सर्वजण म्हणू लागले. इतक्यात एक मुंगूस तेथे आले. त्याचे डोके आणि अर्धे अंग सोन्याचे होते. ते मनुष्यवाणीने म्हणाले की, हा यज्ञ कुरुक्षेत्रातील त्या गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाचीही बरोबरी करू शकत नाही.

चकित झालेल्या ब्राह्मणांनी विचारले, तेव्हा मुंगसाने हकिगत सांगितली. कुरुक्षेत्रात एक ब्राह्मण उंछवृत्तीने राहत असे. म्हणजे कापणी झालेल्या शेतात सांडलेले दाणे वेचून तो पत्नी, पुत्र आणि सून यांच्यासह गुजराण करीत असे. दुष्काळ पडला. वेचायला दाणे मिळेनात. उपासांवर उपास घडू लागले. एके दिवशी मोठ्या कष्टाने थोडे जव हाती आले. घरातील सर्वांनी मिळून त्याचे पीठ केले, जपहोम उरकले, चार सारखे वाटे केले आणि ते जेवायला बसणार इतक्यात दारी अतिथी आला.

ब्राह्मणाने आदराने आपला वाटा त्याच्यापुढे ठेवला. अतिथीची भूक शमली नाही. तेव्हा पत्नीने आपला वाटा पुढे केला. हाडांचा सापळा झालेल्या त्या वृद्धेचा घास घेताना ब्राह्मणाचा जीव तुटला, त्याने नको म्हटले. परंतु धर्मात दोघांचा भाग सारखाच आहे असे सांगून तिने तो द्यायला लावला. त्यानंतर पुत्राने आणि शेवटी सुनेनेही आपले वाटे दिले. प्रत्येक वेळी ब्राह्मण अडखळला आणि प्रत्येक वेळी घरातील माणसांनीच त्याला धीर दिला. अतिथीच्या रूपाने प्रत्यक्ष धर्मच आला होता. त्याने त्या चौघांना उत्तम लोकी नेले. मागे त्या जागी सांडलेल्या पिठाच्या कणांत ते मुंगूस लोळले आणि जितके अंग कणांना लागले तितके सोन्याचे झाले. उरलेले अंगही सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत राहिले. युधिष्ठिराच्या यज्ञमंडपातही ते लोळले. पण एक केसही पिवळा झाला नाही.

ही कथा व्यासांनी धर्मराजाच्या यज्ञाच्या शेवटी ठेवली, यात मोठे मर्म आहे. तो राजा वाईट नव्हता आणि तो यज्ञही अशास्त्र नव्हता. तरी मोठ्या देण्यालाही आपल्या मोठेपणाची भूल पडू नये, म्हणून मुंगूस आले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कथेत दान एकट्या कर्त्या पुरुषाने केलेले नाही. चौघांनी आपापला वाटा स्वखुशीने दिला. घरात पत्नीला न विचारता, मुलांना न सांगता, लपून दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा सर्वांच्या संमतीने दिलेली मूठ अधिक फलदायी होते.

आधी देणे, मग दान

आता ‘न्यायाने मिळविलेल्या’ या शब्दाकडे वळावे. कोणत्याही देवस्थानाने हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे की, ज्या धनावर दुसऱ्याचा हक्क आहे ते देवाला चालत नाही. मजुरांची मजुरी थकवून चढविलेला मुकुट, भावाची जमीन बळकावून बांधलेली ओवरी, वजनात मारलेल्या मापातून वाहिलेली समई यांतून पुण्य तर नाहीच, पण पापाला देवळाचा आडोसा दिल्याचा दोष मात्र लागतो. अशा मनुष्याने प्रथम ज्याचे त्याला परत करावे. ते परत करणे हीच त्याची पूजा होय.

कर्ज काढून नवस फेडणे हेही शास्त्राला मान्य नाही. मुलीच्या शिक्षणाचे पैसे, आजाऱ्याच्या औषधाचे पैसे, पेरणीचे बियाणे विकून आलेले पैसे पेटीत टाकल्याने देव प्रसन्न होईल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. वृद्ध आईवडील घरी कष्टात असताना बाहेर दातृत्व मिरविणाऱ्याला स्मृतिकारांनी कडक शब्दांत फटकारले आहे. तो धर्म नसून धर्माचे सोंग होय, असे त्यांचे मत आहे. दशमांश हा उत्पन्नाचा असतो, अडचणीचा नसतो. ज्या महिन्यात उत्पन्नच नाही, त्या महिन्यात दोन हात जोडावेत, तेवढे पुरे.

आपले काय आणि दुसऱ्याचे काय हा विवेक संतांनी कसा राखला, हे तुकाराम महाराजांच्या चरित्रात दिसते. देहूच्या त्या घरात पिढीजात सावकारी होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात लोक अन्नान्न करून मेले. महाराजांच्या घरातही मृत्यू आला. ज्यांच्या घरी खायला दाणा नाही त्यांच्याकडून वसुली कशी करावी? परंपरा सांगते की, महाराजांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या स्वाधीन केला आणि केवळ स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. वैराग्याच्या त्या भरातही त्यांनी भावाच्या हक्काला हात लावला नाही. आणि ऋणकोला मोकळे करणे हे केवढे मोठे दान आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांचे उदाहरणही असेच आहे. काशी विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांमुळे त्यांचे नाव हिंदुस्थानभर झाले. होळकर संस्थानात दौलतीचा खजिना आणि खासगीचे उत्पन्न असे दोन निराळे हिशेब असत. राज्याचा पैसा राज्यकारभारासाठी आणि धर्मकार्य खासगीतून, हा भेद अहिल्याबाईंनी पाळला. सत्ता हाती असतानाही जे आपले नाही त्यातून पुण्य विकत घेण्याचा मोह त्यांना झाला नाही.

ऐहिक फल

दान दिल्याने धंदा दुप्पट होतो, पेटीत टाकलेली रक्कम शंभरपट होऊन परत येते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. असा हिशेब मनात धरून दिलेले धन ही गुंतवणूक होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या आशेने किंवा मनाला क्लेश करून घेत दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, ते याचसाठी. तरीसुद्धा दशमांशाला ऐहिक फल नाही असे मुळीच नाही. ते चार प्रकारांनी मिळते.

पहिले फल हिशेबाचे. दहावा भाग काढण्यासाठी आधी मिळकत किती हे नीट मांडावे लागते. अनेक घरांत पैसा येतो आणि जातो, कोठे गेला हे कोणालाच कळत नाही. जो दरमहा देवाचा वाटा बाजूला काढतो त्याच्या घरात वही असते. आणि ज्या घरात वही असते त्या घरात कर्ज सहसा माजत नाही.

दुसरे फल समाधानाचे. देणाऱ्याला आपल्याजवळ देण्याइतके आहे, ही जाणीव होते. ही जाणीव लाखो रुपये साठविणाऱ्यालाही कित्येकदा होत नाही. भर्तृहरीने नीतिशतकात धनाच्या तीन वाटा सांगितल्या आहेत : दान, उपभोग आणि नाश. पहिल्या दोन वाटांनी जे जात नाही, ते तिसऱ्या वाटेने जातेच. व्यसन, कोर्टकचेरी, भाऊबंदकी ही त्या तिसऱ्या वाटेवरची गावे आहेत.

तिसरे फल संस्काराचे. देवघरातील डब्यात आई पहिल्या तारखेला पैसे टाकताना जे मूल पाहते, त्याला दानावर व्याख्यान द्यावे लागत नाही. खाऊच्या पैशांतील एक नाणे ते आपण होऊन त्या डब्यात टाकते.

चौथे फल समाजाचे, आणि ते सर्वांत मोठे आहे. मूठमूठ दिलेले एकत्र आले की काय उभे राहते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी घरोघरच्या मूठभर धान्यातून ‘मुष्टिफंड’ जमा झाला, आणि वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनातून लोकांना देण्याची बुद्धी दिली; त्या पैशांतून पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या हाती मात्र गाडगे आणि खराटाच राहिला. आषाढीच्या वारीत लाखो वारकरी पायी चालतात. वाटेवरील गावे त्यांना पिठले-भाकरी, पाणी, ओसरीवर मुक्कामाची जागा देतात. भाकरी थापणाऱ्या त्या माउलीच्या घरी एकादे वर्षी पाऊस झालेला नसतो, तरी वारकऱ्यांची टोपली रिकामी जात नाही. आज जो देतो तोच उद्या परगावी अडचणीत सापडला तर कोणाच्या तरी दशमांशातून त्याला जेवण आणि पथारी मिळते.

दान कसे द्यावे?

तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला आचार्य दानाची रीत शिकवितात. श्रद्धेने द्यावे हे तर तेथे आहेच. त्याबरोबर संकोचानेही द्यावे असे सांगितले आहे. संकोच कशाचा? ज्याने सर्व दिले त्याच्यापुढे आपण इतकेच ठेवतो आहोत, याचा. घेणाऱ्याने मान खाली घालावी अशी अपेक्षा पुष्कळदा असते. उपनिषद देणाऱ्याला मान लववायला सांगते.

कठोपनिषदाचा आरंभही दानानेच होतो. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व देण्याचे ठरविले, परंतु देताना दूध आटलेल्या, थकलेल्या गाई पुढे केल्या. लहानग्या नचिकेत्याच्या ते लक्षात आले आणि त्याने वडिलांना विचारले, ‘मला कोणाला देणार?’ फाटकी वस्त्रे, किडके धान्य, मुदत संपलेली औषधे अन्नछत्रात किंवा आश्रमात नेऊन देणाऱ्यांनी नचिकेत्याचा हा प्रश्न आठवावा. जे आपल्या घरी पाहुण्याला देता येईल, तेच देवाच्या नावाने द्यावे.

गीतेने सात्त्विक दानाची तीन अंगे सांगितली आहेत : योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य पात्र. त्यांवरून हेही कळते की, दशमांश सगळाच्या सगळा देवळातच दिला पाहिजे असे नाही. गावातील हुशार पण गरीब विद्यार्थ्याची फी, शेजारच्या निराधार वृद्धेचे महिन्याचे वाणसामान, शस्त्रक्रियेसाठी अडलेल्या रुग्णाला मदत, पाणपोई, गोशाळा, हे सर्व देवाच्याच वाट्याचे मार्ग आहेत. श्रीक्षेत्री दिलेले दान पूजाअर्चा, अन्नदान आणि यात्रेकरूंची सोय यांसाठी आहे. त्यात ज्याला जसे रुचेल तसे द्यावे.

व्यवहाराच्या काही गोष्टीही भाविकांनी सांभाळाव्यात. रोख रक्कम पेटीत टाकावी अथवा देणगी कक्षात देऊन पावती घ्यावी. रस्त्यात पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या हाती काही देऊ नये. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि त्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण होते. दिलेल्या दानाचे काय झाले हे विचारण्यात भाविकाला संकोच वाटू नये; तो प्रश्न देवस्थानाच्याही हिताचा आहे. काही नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते, परंतु ती प्रत्येक देणगीस लागू होतेच असे नाही. म्हणून आधी चौकशी करावी. सवलत घेण्यात गैर काही नाही. केवळ सवलतीसाठी मात्र कोणी देऊ नये. भिंतीवर नाव कोरले जावे ही इच्छाही ज्याला आवरता येईल त्याने आवरावी. नाव कोरलेले दान लोक वाचतात. न कोरलेले ज्याच्यासाठी दिले तो जाणतो.

संकल्प

दशमांशाला मुहूर्त लागत नाही. घरी परतल्यावर देवघरात एक डबा ठेवावा. पगार, विक्री, भाडे, जे काही हाती येईल ते खर्च होण्यापूर्वी त्यातील देवाचा वाटा त्या डब्यात घालावा. दहावा भाग एकदम जमत नसेल त्याने विसावा काढावा, पन्नासावा काढावा; पण तो आधी काढावा आणि नियमाने काढावा. ज्याला तेही शक्य नाही त्याने स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळे ठेवावेत. ज्याच्याजवळ धन नाही त्याच्याजवळ वेळ असतो; पंगतीत पाणी वाढणे, पादत्राणे नीट लावून ठेवणे, वृद्ध यात्रेकरूचा हात धरून त्याला पायऱ्या चढविणे हाही त्याचा दशमांशच होय.

वर्षाच्या शेवटी डबा उघडावा, घरातील सर्वांनी एकत्र बसून तो कोठे द्यायचा हे ठरवावे, आणि देताना देवाजवळ काही मागू नये. खळ्यावरून वाटा काढून निघालेला शेतकरी राशीकडे पाहून जसा हात जोडतो, तसे उरलेल्या नऊ भागांकडे पाहून हात जोडावेत. ते आता त्या घरात प्रसाद म्हणून राहणार आहेत.

॥ सर्वेषां मंगलं भवतु ॥